टाकीतलं तेल

विशाखा खरात पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता, आणि भेटीची वेळ नव्हती. जानेवारी २०२०, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात मी छातीच्या आजारांच्या वॉर्डाची सिस्टर होते; आजही तिथंच आहे. पेशंटचा डबा संध्याकाळी आणा, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हा जेवणाचा डबा नाही. बसा म्हटलं तर बसली नाही. एका हातानं डबा छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि दर मिनिटाला ती कुणाला तरी फोन लावत होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

डब्यात काय होतं ते सांगण्याआधी ती तिथवर कशी आली ते सांगायला हवं. हे तिनं मला नंतरच्या पाच-सहा वर्षांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कधी ड्यूटी बदलताना, कधी हर्सूलपर्यंत माझ्या स्कूटीवर मागं बसून.

विशाखा फुलंब्रीची. वडील कडूबा खरात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतात. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे काम ते तीस वर्षं करताहेत. आई चंपाबाई अंगणवाडीत मदतनीस. विशाखानं केमिस्ट्री घेऊन पदवी केली, पण नोकरी लागेना. घरात ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. भांडी घासून झालेली असली तरी पुन्हा घासायची. शेवटी २०१८ मध्ये तिला शहरात काम मिळालं. सिडकोत, कॅनॉटच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर एक दुकान होतं. दुकान इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं. तेव्हा त्यावर देशभरची बंदी आलेली नव्हती. मालक इंद्रजीत, तिशीतला, मऊ बोलणारा. त्यानं तिला काउंटरवर उभं केलं. गिऱ्हाईक नसताना नुसतं उभं राहणं तिला जमेना, म्हणून पंधरा दिवसांत ती आपण होऊन मागच्या बेसिनपाशी गेली.

या सिगारेटला वरच्या बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची टाकी असते. टाकीत लिक्विड भरायचं. आत एक बारीक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते आणि तिच्याभोवती कापूस. बटण दाबलं की कॉइल तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते आणि ती ओढायची. लोक टाकी पुन्हापुन्हा भरत राहतात, धूत मात्र कुणी नाही. मग आत काळपट चिकट थर बसतो, रबराच्या रिंगा फुगतात, खालून गळायला लागतं, आणि एक दिवस घशात जळका घोट येतो. अशा टाक्या घेऊन गिऱ्हाइकं दुकानात यायची. वाळूजच्या कंपन्यांतले इंजिनिअर, कॉलेजची पोरं-पोरी.

विशाखा टाकीचे सगळे भाग सुटे करायची. उरलेलं लिक्विड टिपून काढायचं, काच आणि धातूचे भाग कोमट पाण्यात घालायचे. उकळतं पाणी चालत नाही, काच तडकते आणि रिंगा कडक होतात. साबणाचा एक थेंब, बाळाच्या दुधाच्या बाटलीचा बारका ब्रश, मग दोनदा साधं पाणी. रिंगा वेगळ्या वाटीत ठेवायच्या, कारण एका टाकीची रिंग दुसरीला लावली की गळती ठरलेली. बॅटरीला टेकतो त्या भागावर पाणी घालायचं नाही, नुसता स्पिरिटचा बोळा. सगळं सुती कापडावर वाळवून मगच जोडायचं. नव्या कॉइलच्या कापसावर चार थेंब सोडून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर कोरडा कापूस पहिल्याच झुरक्याला जळतो. हे दहा मिनिटांचं थांबणं तिला सगळ्यात अवघड जाई. तेवढ्यात ती दुसरी टाकी उघडायची. तिनं स्वतः कधी झुरका घेतला नाही. त्या गोडसर वासानं तिचं डोकं दुखायचं.

कडूबांना बिडी होती. दिवसाला दोन बंडलं. खोकला इतका की सकाळी शेजारच्यांना जाग यायची. डॉक्टरांनी बिडी सोडा म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी तीनदा सोडूनही पाहिली होती. एक दिवस विशाखानं दुकानातून एक सिगारेट घरी आणली. कडूबांनी ती हातात घेऊन आधी उघडली. आतली कॉइल डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "ही तं आपलीच की, बारकी केलेली."

त्या कॉइलपायीच त्यांना ती आवडली असावी. महिन्याभरात बिडी सुटली. दर रविवारी विशाखा त्यांची टाकी धुवायची आणि ते समोर बसून बघायचे. खोकला कमी झाला, निदान घरात तरी तसं वाटलं. ही वाफ काही औषध नाही, तिच्यातही निकोटिन असतं, हे तिला कळत होतं. पण बिडीपेक्षा बरं, एवढ्यावर तिनं स्वतःची समजूत काढली होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली. विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा झालं. दुकानाचं शटर खाली आलं. विशाखा घरी बसली, म्हणजे बसली नाहीच. कडूबांच्या बाटलीत महिनाभराचं लिक्विड उरलं होतं. रोज ती बाटली उजेडाकडे धरून किती उरलं ते बघायची.

ऑक्टोबरात इंद्रजीतचा फोन आला. जुन्या गिऱ्हाइकांकडं टाक्या आहेत, त्या धुवायला कुणी नाही, तू घरी धुशील का, असं त्यानं विचारलं. धुण्यावर कुठं बंदी आहे, असंही म्हणाला. विशाखानं आढेवेढे घेतले. तेव्हा तो म्हणाला की दर खेपेला वडिलांसाठी एक बाटली देईन. ती हो म्हणाली. दर सोमवारी हर्सूलच्या स्टॉपवर तो तिला कापडी पिशवी द्यायचा आणि गुरुवारी ती परत न्यायची. पिशवीत कागदात गुंडाळलेल्या आठ-दहा टाक्या असायच्या. कुणाच्या, ते तो सांगायचा नाही.

त्या तीन महिन्यांत तिला एक दिवस धड झोप लागली नाही, असं ती सांगते. रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली की ती टाक्या पिठाच्या डब्यात लपवायची. एस.टी.त पिशवी मांडीवर घेतली तर काचा वाजताहेत असं वाटायचं, पायाशी ठेवली तर कुणी उचलेल असं वाटायचं. दोन-चारदा सीट बदलायची. चंपाबाईंनी एकदा विचारलं तर तिनं दुकानाचं राहिलेलं काम आहे असं सांगितलं. वडिलांना बाटली कशाच्या बदल्यात येते, हे तिनं सांगितलंच नाही.

जानेवारीतल्या त्या दिवशी सकाळी तिनं पिशवीतली पाचवी टाकी कोमट पाण्यात सोडली आणि पाण्यावर तवंग आला. ती थबकली. आजवर धुतलेलं प्रत्येक लिक्विड पाण्यात विरघळायचं, म्हणूनच तर पाण्यानं काम भागायचं. हे विरघळेना. चमच्यानं ढवळलं तर बारीक गोल थेंब होऊन पुन्हा वर आले. कापूस हाताला मेणचट लागत होता. टाकी ज्या कागदात गुंडाळली होती तो तिनं उलगडला. वर पेननं लिहिलं होतं, ‘जळका वास येतोय. दहा दिवस झाले खोकला जात नाही. प्लीज कॉइल बदला. श्रेया.’

लिक्विड जास्त दिवस पुरावं म्हणून कुणीतरी त्यात तेल मिसळलं होतं. तेल तापून त्याची वाफ छातीत गेली तर काय होतं, हे ओळखायला फार केमिस्ट्री लागत नाही. तिनं पहिल्यांदा धाव घेतली ती वडिलांच्या कोनाड्याकडं. तिथल्या बाटलीतला एक थेंब पाण्यात टाकला. तोही तरंगला.

कडूबा पहाटेच गणोरीला गेले होते, कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार काढायला. सिगारेट खिशात. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. विहिरीवर असले की ते फोन शर्टासकट झाडाला टांगून ठेवतात, हे तिला माहीत होतं. मग तिनं इंद्रजीतला फोन केला. तो आधी ऐकून घेत होता, मग म्हणाला की थंडीत लिक्विड घट्ट होतंच, आणि तुझं काम धुण्याचं आहे तेवढं कर. श्रेयाचा नंबर मागितला तर त्यानं फोन ठेवला.

विशाखा अंगणात येरझाऱ्या घालत होती. गणोरीला जावं की शहरात, हे ठरेना. चंपाबाई अंगणवाडीला निघाल्या होत्या. विशाखानं त्यांना दारातच अडवलं आणि सगळं सांगितलं, पिशवीपासून बाटलीपर्यंत. शेजारणीला अंगणवाडीत निरोप द्यायला सांगून चंपाबाई स्टँडकडं चालू लागल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "तुझ्या बापाकडं मी जाते. तू त्या पोरीला हुडक."

हुडकायला हाताशी होता तो फक्त चिठ्ठीचा कागद. तो कोरा नव्हता. मागच्या बाजूला एका मेसचं नाव आणि आठवड्याच्या भाज्या छापल्या होत्या. मेस उस्मानपुऱ्यातली. विशाखानं टाकी, मेणचट कापूस आणि वडिलांची बाटली असं सगळं स्टीलच्या डब्यात घातलं, तळाशी थोडं उरलेली बंदीआधीची बाटली पर्समध्ये टाकली आणि मिळाली ती जीप पकडली. सावंगीपाशी ट्रॅक्टर आडवे लागले होते. ती जीपमधून उतरून पुढं चालायला लागली, मग मागून तीच जीप आली तेव्हा पुन्हा चढली.

मेस चालवणाऱ्या आवडाबाई पोळ्या लाटत होत्या. श्रेया म्हणजे गंगापूरची, चष्म्याची, असं त्या म्हणाल्या. चार दिवस जेवायला आली नव्हती. काल धाप लागली म्हणून मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं, आई-वडील आलेत. कुठला दवाखाना ते त्यांना ठाऊक होतं, कारण सकाळची पेज त्यांनीच पाठवली होती.

अशी ती आमच्या वॉर्डात आली. श्रेया सहा नंबरला होती. एकोणीस वर्षांची, आर्किटेक्चरला. आम्ही न्यूमोनिया धरून औषधं चालू केली होती, पण ऑक्सिजन चढायच्या ऐवजी उतरत होता, आणि असं का होतंय ते डॉक्टरांना कळत नव्हतं. सिगारेट, तंबाखू काही आहे का, हे आदल्या दिवशी मीच विचारलं होतं. वडील शेजारी उभे होते. तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं.

"सिस्टर, सहा नंबरच्या मुलीच्या छातीत तेल गेलंय," विशाखा म्हणाली.

माझा विश्वास बसला नाही, हे मी कबूल करते. अशी माणसं आम्ही रोज बघतो. कुणी अंगारा आणतं, कुणी काढा. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिनं काउंटरवरचा काचेचा ग्लास घेतला, फिल्टरचं कोमट पाणी भरलं आणि डब्यातल्या बाटलीतले दोन थेंब त्यात सोडले. मग पर्समधून दुसरी जुनी बाटली काढली, बंदीच्या आधीची, रिकामी होत आलेली, आणि तिच्यातले दोन थेंब दुसऱ्या ग्लासात. एकात तवंग, दुसरं पाणी स्वच्छ. मी ते दोन्ही ग्लास तसेच उचलून डॉक्टरांच्या खोलीत नेले.

डॉक्टरांनी श्रेयाच्या आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर पाठवलं आणि पलंगाशी जाऊन विचारलं. ती रडायला लागली आणि हो म्हणाली. सीटी स्कॅन पुन्हा नीट पाहिला गेला, औषधं बदलली. त्या दुपारी तिचा श्वास इतका वाईट होता की व्हेंटिलेटर तयार ठेवला होता. तो लागला नाही. अकराव्या दिवशी ती घरी गेली.

पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉरिडॉरमध्ये श्रेयाच्या वडिलांना कळलं तेव्हा ते विशाखाच्या अंगावर धावून गेले. तुम्हीच विकता आणि तुम्हीच वाचवायला येता, असं काहीबाही बोलले. मी मध्ये पडले. विशाखा मागं सरली नाही. "मी धुवून देत होते," एवढंच म्हणाली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चंपाबाई गणोरीच्या विहिरीवर पोचल्या होत्या. कडूबा ठीक होते. सिगारेट चंपाबाईंनी रुमालात बांधून कमरेला खोचली होती. फोन झाल्यावर विशाखानं डबा खाली ठेवला आणि ती मला म्हणाली, सिस्टर, काहीतरी काम द्या. मी तिला ड्रेसिंगच्या गॉजचे तुकडे मोजायला दिले. वॉर्डात गॉजची काही गरज नव्हती.

दवाखान्यानं कळवल्यावरून संध्याकाळी पोलीस आले. तिनं इंद्रजीतचं नाव, हर्सूलचा स्टॉप, सोमवार-गुरुवार, सगळं सांगितलं, स्वतःचं कामही सांगितलं. आपल्यालाच पकडतील असं तिला वाटत होतं. त्यांनी तिला साक्षीदार केलं. इंद्रजीतच्या खोलीत पुढं बरंच सापडलं. तेल कुणी मिसळलं, त्यानं की त्याला माल देणाऱ्यानं, हे अजून कोर्टात आहे.

कडूबांच्या छातीचा फोटो बरा निघाला. त्या बाटलीतलं त्यांनी जेमतेम तीन दिवस ओढलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी मोटारीची तार भरताना मान वर न करता ते म्हणाले, "तू मला ईचारलं असतं तं मी नाय म्हणलो असतो. माझ्यासाठी म्हणून तू हे करीत होती, अन् मलाच ठावं नाय."

त्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा बिडी पेटवली. विशाखा सांगते, तो वास आल्यावर ती घराबाहेर पडली आणि खुलताबादच्या फाट्यापर्यंत चालत गेली. आपण काय केलं, त्यातलं काय चांगलं आणि काय वाईट, हे तिला वेगळं करता येईना. गावात बोलणं सुरू झालं होतं, की खरातांची पोरगी गर्दुल्यांचा धंदा करत होती. ती भांडली नाही. कोणत्या तोंडानं भांडायचं, असं तिला वाटलं.

मार्चमध्ये कोरोना आला. एप्रिल-मेपर्यंत आमच्याकडं ऑक्सिजनच्या बाटल्या, ज्यातून बुडबुडे येतात त्या, आणि औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरचे कप यांचा ढीग पडायला लागला. प्रत्येक पेशंटनंतर ते सुटे करून, धुवून, निर्जंतुक करून, वाळवून पुन्हा जोडायचे. दोन माणसं काम सोडून पळाली. मला विशाखा आठवली. फोन केला तर तिनं फक्त रिंगा कुठल्या आकाराच्या आहेत ते विचारलं. दुसऱ्या दिवशी पास काढून ती आली.

तेव्हापासून ती आमच्याकडं आहे. दुसऱ्या लाटेत तिनं सलग चोवीस दिवस सुटी घेतली नाही. घे म्हटलं तर, घरी बसून काय करू, असं म्हणायची. तिनं धुतलेल्या बाटलीत कधी गाळ राहिला नाही, कधी झाकण गळलं नाही. पण तिचं काम बघत राहणं सोपं नाही. एक कप ती दोनदा तपासते, ट्रेमध्ये ठेवते, पुढं जाते, आणि परत येऊन तोच कप उचलते. पाण्याकडं बघत उभी राहते. नवीन मुली तिच्यावर वैतागतात. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

श्रेयानं शिक्षण पूर्ण केलं, ती पुण्यात असते. तिनं एकदा मेसेज केला होता. विशाखानं तो मला दाखवला, पण उत्तर पाठवलं की नाही ते सांगितलं नाही. कडूबांनी आमच्याच समुपदेशकाकडं वर्षभर खेपा घातल्या. बिडी आता दिवसाला दोन-तीनवर आली आहे, तीही घरात नाही. विशाखाला शर्टाचा वास येतो. ते लपवतही नाहीत.

गेल्या वर्षी तिची साक्ष झाली. पाच वर्षांत तारखा इतक्या वेळा पुढं गेल्या होत्या की या वेळीही जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. तारीख आली की आठवडाभर आधीपासून ती जेवणाचा डबा अर्धा परत न्यायची. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुटी काढून सोबत गेले. कडूबाही आले होते, पांढरा शर्ट घालून, आणि बाहेरच्या बाकावर बसले होते. इंद्रजीत समोर होता. थोडा जाड झाला होता आणि तिच्याकडं बघत नव्हता.

त्याच्या वकिलानं तिला बरंच फिरवलं. टाक्या तुम्हीच धुवायच्या ना? हो. मोबदल्यात बाटली घ्यायच्या ना? हो. मग त्यानं विचारलं, तवंग दिसला त्याच्या आधीच्या आठवड्यातही तुम्ही टाक्या धुतल्या होत्या, तेव्हा तुम्हाला तेल दिसलं नाही का?

मला वाटलं ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. ती कठड्याला धरून उभी होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ती अजिबात न हलता उभी दिसली.

"दिसलं असेल," ती म्हणाली. "मी घाईत होते. मी थांबून बघितलं नाही."

न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर कडूबांनी काय झालं ते विचारलं. तिनं त्यांना प्रश्न आणि उत्तर दोन्ही सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, आणि मग म्हणाले की बाबरा गावात विहिरीवरची एक मोटार बंद पडली आहे, सांजच्या आत काढायची, तू येतीस का संगं. तिची दुपारची ड्यूटी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जा, मी सांभाळते. ती कडूबांच्या गाडीवर मागं बसली आणि गाडी हर्सूलच्या दिशेनं निघून गेली.

निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.